फरक सर

आमच्या कारंज्याच्या शाळेच्या हजेरीपटात त्यांचं नाव सहाव्या ओळीवर होतं, पण त्या नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुलं, शिपाई, मुख्याध्यापक, फाटकासमोरचा चहावाला, सगळ्यांसाठी ते ‘फरक सर’. इंग्रजी शिकवायचे. जवळपास एकाच अर्थाचे दोन शब्द त्यांच्या कानावर पडले की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वर यायची आणि प्रश्न यायचा, “फरक काय?” हा प्रश्न त्यांनी वर्गात विचारला, स्टाफरूममध्ये विचारला, तपासणीला आलेल्या साहेबांना विचारला आणि एकदा माझ्या डोळ्यांदेखत एसटीच्या कंडक्टरलाही विचारला. कंडक्टर तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवत होता. म्हणत होता, “थोडं अ‍ॅडजस्ट करा ना भाऊ.” सर शेजारीच दांडी धरून उभे होते. म्हणाले, “अ‍ॅडजस्ट आन अडॅप्ट, फरक काय, सांगता का?”

कंडक्टर म्हणाला, “तुमी तिकीट घेता का?”

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा सरांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. उंच, सडपातळ, अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट. हे शर्ट ते स्वतः शिवायचे. त्यांचे अब्बा शिंपी होते, जुन्या गावात त्यांचं दुकान होतं, आणि सर शाळा सुटल्यावर तिथंच काजं करत मोठे झाले होते. खिशात पेनाशेजारी मापाची पिवळी टेप गुंडाळून ठेवलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात मी नववीला धातूंचे गुणधर्म शिकवत होते. फळ्यावर ‘वर्धनीयता’ लिहिलं, म्हणजे ठोकून पत्रा होण्याचा गुण, आणि खाली ‘मॅलिएबल’ लिहिलं. वळून पाहते तो दारात सर. शेजारच्या वर्गावरचा आपला तास सोडून आले होते.

“बाई, हा शब्द माणसाले लावता येते का?”

“सर, मी सोन्यातांब्याबद्दल सांगतेय.”

“ते बराबर हाये. पण माणसाले?”

चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी नवी होते. म्हटलं, “येत असेल.”

“येते. पण सांभाळून. सोनं मॅलिएबल हाये म्हटलं तं ते सोन्याचा गुण. माणूस मॅलिएबल हाये म्हटलं तं समजा का त्याले कोनीतरी ठोकून राह्यलं.”

एवढं बोलून ते निघून गेले. मुलं खूश, माझे कान तापलेले. या माणसाशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं. तो निश्चय मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. मधल्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले, अर्धी भाजी माझ्या झाकणात वाढली आणि घंटा होईपर्यंत मला ‘फ्लेक्सिबल’ आणि ‘प्लायेबल’ यांच्यातला फरक सांगत बसले. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

वाकण्याच्या, वळण्याच्या, जुळवून घेण्याच्या इंग्रजी शब्दांचं त्यांना वेडच होतं. बाकीचे धडे ते नीट शिकवायचे, व्याकरण चोख घ्यायचे, पण या शब्दांपाशी आले की त्यांचा आवाज बदलायचा. ‘फ्लेक्सिबल’ शिकवताना खिशातून टेप निघायची. आधी ती खांबाभोवती गुंडाळायची, मग खुर्चीच्या हाताभोवती, मग स्वतःच्या डोक्याभोवती.

“पाहा रे पोट्टेहो, कशीबी वाकते का नाई?”

“वाकते!”

“गोल होते, येडीवाकडी होते. पण सोळा इंचाले सतरा म्हणते का?”

“नाई!”

“हे फ्लेक्सिबल. आन गिऱ्हाइकाचं तोंड पाहून जे सोळाचे सतरा करते, ते प्लायेबल. पह्यला शब्द कोनी तुमाले म्हटला तं थँक्यू म्हणा. दुसरा म्हटला तं घरी जाऊन इचार करा.”

आज कारंज्याच्या बाजारात धान्याचा व्यापार करणारे, दवाखाना चालवणारे, शेती करणारे त्यांचे विद्यार्थी मला भेटतात. इंग्रजीतलं बाकी सगळं विसरलेले असतात, पण डोक्याला टेप गुंडाळलेले सर त्यांच्यापैकी एकही जण विसरलेला नाही.

माझ्या भाचीच्या लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. तिचा बायोडाटा मी इंग्रजीत तयार केला आणि एकदा नजर टाका म्हणून सरांना दिला. ‘स्वभाव’ या रकान्यात मी ‘अ‍ॅडजस्टेबल’ असं लिहिलं होतं. सगळेच लिहितात. सरांनी लाल पेनानं त्यावर इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला.

“बाई, अ‍ॅडजस्टेबल पाना असते. गॅरेजमधी पाहा. नट मोठा असला का पाना फिरवून मोठा करतेत, नट लहान असला का लहान करतेत. भाची पाना हाये का तुमची?”

“मग काय लिहू?”

“अडॅप्टेबल लिवा. म्हणजे नव्या घरी गेली तं आपल्या अकलेनं जागा करून घेईन. तिले कोनी फिरवणार नाई.”

मी तसं लिहिलं. पाहायला आलेल्या मुलानं नेमका तोच शब्द विचारला. भाचीनं त्याला सरांचं स्पष्टीकरण जसंच्या तसं ऐकवलं, पान्यासकट. मुलाची आई जरा गंभीर झाली, पण मुलगा मोठ्यानं हसला. त्याच मुलाशी तिचं लग्न झालं आणि ते दोघं सुखात आहेत.

आता गोपनीय अहवालाचं सांगते. आमच्याकडे दहावीची तोंडी परीक्षा म्हणजे बऱ्याचदा कागदी कारभार असायचा. मुख्याध्यापकांनी सरांना सांगितलं, सगळ्यांना वीसपैकी अठरा टाकून याद्या द्या, उगाच चार दिवस घालवू नका. सर ‘बरं’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले. एकेका मुलाला बोलावून त्यांनी खरोखरची तोंडी परीक्षा घेतली. चार दिवस लागले. कोणाला एकोणीस पडले, कोणाला नऊ. नऊवाल्यांना त्यांनी पाचव्या दिवशी परत बोलावलं, शिकवलं आणि पुन्हा विचारलं.

त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात मुख्याध्यापकांनी इंग्रजीत शेरा मारला, ‘नॉट फ्लेक्सिबल’. असा शेरा मिळाला की माणूस वशिला शोधतो किंवा गप्प बसतो. सर अहवालाची प्रत घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. आम्ही चार-पाच जण दाराबाहेर कान देऊन उभे.

“सर, शेऱ्याबद्दल माही तक्रार नाई. शब्द चुकला तुमचा.”

“कोणता शब्द?”

“फ्लेक्सिबल तं मी हाओच. मुलगा अडला तं पाचव्या दिवशी पुन्हा बसलो का नाई? तुमाले म्हणायचं हाये ‘नॉट प्लायेबल’. तेवढं दुरुस्त करून द्या.”

मग मुख्याध्यापक थकलेल्या आवाजात म्हणाले, “आणा इकडे.” त्यांनी फ्लेक्सिबल खोडलं, वर प्लायेबल लिहिलं आणि सही केली. त्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता की नाही, देव जाणे. सरांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून लॅमिनेट केली आणि घरात भिंतीवर लावली. पाहुण्यांना दाखवायचे, “सरकारी सही-शिक्क्याचं हाये. एवढं चांगलं सर्टिफिकेट तालुक्यात कोनाले भेटलं असन तं सांगा.”

मग वाईट दिवस आले. गावात इंग्रजी शाळा निघाल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागल्या आणि आमचे वर्ग ओस पडत गेले. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. एका पावसाळ्यात यादी आली. त्यात विज्ञानातून माझं नाव होतं आणि इंग्रजीतून सरांचं. ज्या इंग्रजीच्या ओढीनं मुलं आम्हाला सोडून गेली, ती इंग्रजी शिकवणारा आमच्या माहितीतला सगळ्यात चांगला माणूस सरकारी कागदावर जास्तीचा झाला.

वाशिमला मोठ्या सभागृहात जिल्ह्यातल्या सगळ्या अतिरिक्त शिक्षकांना बोलावलं होतं. रिकाम्या जागांची यादी भिंतीवर लावलेली. प्रत्येकाचा डोळा मेडशीवर, कारण मेडशी हमरस्त्यावर आहे, एसट्या सारख्या मिळतात. आमचा नंबर येईपर्यंत मेडशी गेली, इतर जवळची गावंही गेली. उरली पोहरादेवीच्या पलीकडची, तांड्याजवळची एक शाळा. तिथं दोन जागा होत्या, एक इंग्रजीची, एक विज्ञानाची. दोन आदेश निघाले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘समायोजन’.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मंगरूळपीर मागे पडल्यावर त्यांनी आदेशाची घडी उलगडली.

“समायोजन म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट,” ते म्हणाले. “मी पोट्ट्याइले सांगत आलो का अ‍ॅडजस्ट घड्याळाले करतेत, आरशाले करतेत. दुसरं कोनी येते आन फिरवते. आज मले फिरवलं, बाई.”

मला रडू फुटलं. घरी म्हातारी सासू, मुलगी बारावीला, आणि रोज दोन एसट्या बदलून जायचं आणि दोन बदलून यायचं. मी म्हटलं, “मी राजीनामा देते.”

सरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “फिरवणं त्याइच्या हाती होतं. ते झालं. तिथं जाऊन काय करायचं ते कोनाच्या हाती हाये?” आणि दोन बोटं वर करायला गेले, पण केली नाहीत, हात परत मांडीवर ठेवला. मी राजीनामा दिला नाही.

नव्या शाळेत सगळी मुलं बंजारा समाजाची. घरी गोरमाटी बोलायची, शाळेची पुस्तकं मराठी, आणि त्यावर सरांची इंग्रजी. माझं विज्ञान निदान चुंबक आणि भिंगं दाखवून पुढं सरकायचं. सरांच्या तासाला मात्र स्मशानशांतता. ज्यांच्या वर्गातून हशा ऐकू यायचा त्या माणसाच्या वर्गातून आता फक्त खडूचा आवाज यायचा. टेप डोक्याला गुंडाळून झाली, मुलं हसली नाहीत. ती घाबरून पाहत राहिली.

तिथले मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, पण थकलेले. सरांना म्हणाले, “फळ्यावर लिहून द्या, पोरं उतरवून घेतील. इथं असंच चालतं. अ‍ॅडजस्ट करून घ्या.”

त्या दुपारी आम्ही शाळेमागच्या बाभळीच्या सावलीत डबे उघडले. सर जेवले नाहीत.

“बाई, मी सातवीपरेंत उर्दू शाळेत होतो, हे तुमाले माहीत हाये का?”

मला माहीत नव्हतं.

“आठवीत अब्बानं मराठी हायस्कूलात टाकलं. मराठी बोलता येत होती बाजारापुरती. पुस्तकातली एक ओळ समजे ना. वर्षभर मी मागच्या बाकावर गप्प बसलो. मास्तर हसले का मी हसे. त्याइले वाटे मले समजलं. मास्तरानं माह्या अब्बाले सांगतलं का पोरगा मंद हाये, याले मशीनवर बसवा.” सर जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. “त्या वर्षी मी वाकलो का मोडलो, तेच मले समजत नव्हतं. त्यासाठी शब्द पाह्यजे होता. तवापासून हे सारे शब्द धुंडून राह्यलो. आन आज माह्यासमोर तसेच चाळीस जण गप्प बसून हायेत, आन मास्तर मी हाओ.”

मी माझी भाकर त्यांच्यापुढे सरकवली.

सोमवारी ते वर्गात गेले आणि शिकवायला उभे राहिले नाहीत. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले, पाय दुमडून. रोशनी नावाची एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांत गप्प, पण डोळे तल्लख. तिच्या हातात त्यांनी खडू दिला.

“आजपासून एक तास मी शिकवीन, एक तास तुमी. मले तुमची बोली येत नाई. मले शिकवा.”

मग रोशनीनं विचारलं, “आमी चुकलो त मारसान का, सर?”

“शिकवणारी तू. मी चुकलो तं तूच मार.”

कोणीतरी फिसकन हसलं. तो हशा मी शेजारच्या वर्गातून ऐकला आणि हातातलं भिंग खाली ठेवलं. रोशनीनं फळ्यावर लिहिलं, याडी म्हणजे आई. बाटी म्हणजे भाकर. सरांकडून म्हणवून घेतलं. सरांचा उच्चार चुकला. तिनं दहा वेळा म्हणायला लावलं. आठवड्याच्या शेवटी तिनं त्यांची तोंडी परीक्षा घेतली आणि वीसपैकी सात गुण दिले. सर ते मार्क मला दाखवायला धावत आले. पहिला नंबर आल्यासारखा आनंद चेहऱ्यावर!

पुढच्या महिन्यात त्यांनी तांड्यात खोली घेतली. मी रोज येऊन-जाऊन करत राहिले, ते फक्त रविवारी कारंज्याला यायचे. तांड्यातल्या बाया सुरुवातीला त्यांच्या गोरमाटीवर पदराआड हसायच्या. मग त्यांना सुधारून सांगू लागल्या. रामनवमीला पोहरादेवीला माणसांचा पूर लोटतो, एसट्या खचाखच भरून येतात, शाळेच्या मैदानातसुद्धा लोक उतरतात. त्या गर्दीत दूरदूरच्या तांड्यांवरून आलेल्या म्हाताऱ्यांशी सरांना गोरमाटीत गप्पा मारताना मी पाहिलं. एक म्हातारा त्यांना विचारत होता की तुम्ही कोणत्या तांड्याचे. सरांनी छाती फुगवून आमच्या शाळेजवळच्या तांड्याचं नाव सांगितलं.

वर्गातली इंग्रजी आता गोरमाटीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जायची, लांबच्या वाटेनं, पण पोचायची. एकदा ‘व्हर्सटाइल’ चालू होता. सरांनी उदाहरण मागितलं. रोशनी उठली आणि म्हणाली, “माही याडी. ऊस तोडते, बाळंतपण करते, लग्नात गाते, आन बापाले गप्प बसवते.”

सर टाळी वाजवून म्हणाले, “लिवा रे! याच्यावर दुसरं उदाहरण नको.”

तिसऱ्या वर्षी जून महिन्यात कारंज्याहून पत्र आलं. आमच्या जुन्या शाळेत दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या, आम्हा दोघांना परत बोलावलं होतं. मी पत्र वाचून देवाला हात जोडले. सरांचं वय छप्पन्न, गुडघे दुखायचे, त्यांची बायको, आमच्या भाभी, कारंज्याला एकट्या. मला वाटलं, ते माझ्याआधी सही करतील.

“तुमी जा, बाई,” ते म्हणाले. “सासूबाई हायेत घरी. तुमचं जाणं बराबर हाये.”

“आणि तुमचं?”

“मले तवा फिरवलं होतं. आता मले जर परत फिरवू दिलं तं हे दोन वर्षं कायची?”

“सर, हट्ट करू नका. भाभींचा विचार करा.”

“तिले इचारलं मी. ती म्हणे, पोट्टे दहावीत हायेत, असं मधातच सोडून याल का?”

रोशनीचा वर्ग दहावीत होता. मी गेले, ते थांबले. कारंज्याच्या जुन्या स्टाफरूममध्ये माझ्या जुन्या टेबलाशी बसले तेव्हा आनंद झालाच, आणि त्यात थोडी लाजही होती. ती मी अजून लपवत नाही.

दिवाळीनंतर रोशनीच्या घरचे पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. दरवर्षी तीही जायची. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करायची, लहान भावाला सांभाळायची. दहावीच्या वर्षी तरी तिला ठेवा, म्हणून सर तिच्या घरी गेले. पुढचं सगळं मला त्यांनी रविवारी सांगितलं. बाप म्हणाला, “सर, तुमचं समजते. पण पोरगी ठेवू कोनापाशी? लहान्याले कोन पाहीन?” सरांनी भाषण केलं नाही. रोशनीच्या आईला विचारलं, “याडी, तुह्या फोनमधी आवाज पाठवता येते का?”

मुख्याध्यापकांना त्यांनी तिचं नाव पटावरून न काढण्याबद्दल गळ घातली, आणि त्या थकलेल्या गृहस्थांनी या वेळी कटकट केली नाही. मग चार महिने सर रोज संध्याकाळी फोनवर धडा बोलून पाठवायचे, पाच-सात मिनिटांचा, गोरमाटीत समजावलेला आणि इंग्रजीत म्हटलेला. रात्रीचा स्वयंपाक टाकताना रोशनी ऐकायची आणि उत्तर बोलून पाठवायची. रविवारी सर माझ्या घरी येऊन ती उत्तरं मला ऐकवायचे. मागं ट्रॅक्टरचा आवाज, बाळ रडतंय, कोणीतरी पाणी मागतंय, आणि मध्ये तिचा स्वच्छ आवाज. टोळीतल्या बायाही भोवती बसून धडे ऐकू लागल्या होत्या. एखाद्या दिवशी धडा उशिरा आला की त्यांच्यातलीच एक फोनवर म्हणायची, “सर झोपले का आज?”

एका रविवारी सर आले ते दारातूनच फोन पुढं करत. “ऐका, बाई, ऐका.”

रोशनीचा आवाज होता. “सर, इथल्या बायांनी इचारलं का रेझिलियंट म्हणजे काय. मी सांगतलं का आपण ऊस बुडातून तोडतो, वाटते संपलं. पण त्याच बुडातून पुन्हा फुटते, त्याले खोडवा म्हणतेत. तसं जे माणूस हाये ते रेझिलियंट. बराबर हाये का, सर?”

सरांनी ते चार वेळा लावलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “सारी जिंदगी मी कापसाच्या गठाणीचं उदाहरण देत आलो. पट्टी तोडली का दाबलेला कापूस पुन्हा फुगते म्हणून. हे पाहा पोरीनं काय सांगतलं. कापूस तर नुस्ता फुगते, बाई. ऊस जिता होते.”

परीक्षेच्या आठ दिवस आधी रोशनी परत आली, एकटी, एसटीनं. बोटांवर पाचटाचे ओरखडे होते, आणि पेपर लिहिताना दुखू नये म्हणून सरांनी त्यांना रोज सकाळी तेल लावायला लावलं. निकाल लागला. ती पास झाली, आणि इंग्रजीत शाळेत पहिली आली. आता ती दिग्रसला वसतिगृहात राहून शिकते आहे. सरांना आनंद झाला, पण त्यांनी तो त्यांच्याच पद्धतीनं दाखवला. तिची उत्तरपत्रिका लगेच पाहायला मिळत नाही याबद्दल ते दोन दिवस कुरकुरत होते. कुठले मार्क गेले ते कळायला पाहिजे म्हणायचे.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. कार्यक्रम शाळेतच झाला. मी गेले होते. सत्कार, शाल, नारळ, भाषणं, सगळं रीतसर. माझ्या मनात राहिलं ते दुसऱ्या दिवसाचं, कारंज्यातलं.

सरांचं सामान म्हणजे दोन ट्रंका पुस्तकं, एक पलंग, एक शिवणयंत्र. त्यांनी टेम्पो ठरवला होता. तांड्यानं तो परत पाठवला. सकाळी दहाच्या सुमारास जुन्या गावातल्या त्यांच्या अरुंद गल्लीत एक ट्रॅक्टर शिरला, ट्रॉलीत सामान आणि सामानाभोवती वीसेक माणसं. पुरुष, आरशांच्या भरतकामाच्या ओढण्या घेतलेल्या म्हाताऱ्या बाया, मांडीवर पोरं, आणि सुट्टीवर आलेली रोशनी. ट्रॅक्टर वळेना. सर पुढं चालत, हात वर करून, चालकाला गोरमाटीत ओरडून सांगत होते, जरा डावीकडं, आता थांब, आता ये. ओट्यांवर शेजारीपाजारी जमले.

भाभी दारात उभ्या होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “बाई, हे कोन्ती बोली बोलून राह्यले? मले तं एक शबद समजला नाई.”

मी म्हटलं, “त्यांची आहे, भाभी.”

रोशनीची आई ट्रॉलीतून उतरून सरळ भाभींकडे आली. दोघींनी एकमेकींना आधी कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं भाभींचे दोन्ही हात धरले आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “तुमचा मानूस आमी चार वर्षं ठेवून घेतला. तुमी काही बोलल्या नाई. मोठं मन हाये तुमचं.” भाभींनी तिला जवळ घेतलं, आणि मग दोघीही रडल्या, हसल्या, आणि पलंगाला वाट द्यायला बाजूला झाल्या.

समोरच्या ओट्यावर एक वयस्क गृहस्थ बसतात. सरांचे लहानपणापासूनचे शेजारी. याच गल्लीत दोघं गोट्या खेळले, एकाच नळावर भांडले. त्यांनी एवढी माणसं पाहून हाक मारली, “अरे, कोन हायेत रे हे इतके लोक?”

सर पुस्तकांच्या ट्रंकेचं एक टोक धरून होते, दुसरं टोक रोशनीच्या बापाच्या हातात. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, घाम पुसला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“हे? हे माह्या गावचे लोक हायेत.”

आणि सगळ्यांना घेऊन घरात गेले.